भिंतीची ओल: मालकाची की भाडेकरूची?

पावसाळा सुरू झाल्यापासून सातारा आणि सांगलीच्या वाचकांची बुरशीबद्दल बरीच पत्रे आली. बहुतेकांचा प्रश्न एकच आहे: खर्च कुणी करायचा? पण त्याआधी ओल कुठून येते हे शोधावे लागते. पाणी कुठून आले हे कळले की खर्च कुणाचा हे ठरायला वेळ लागत नाही. ते न शोधता नुसता रंग मारला, तर पुढच्या आषाढात तोच डाग आणि तेच भांडण परत येते.

प्रश्न: शाहूपुरीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीवर दर जुलैत काळी बुरशी येते, रंगाला फुगे धरतात. मालक म्हणतात, "तुम्ही घरात कपडे वाळत घालता, खिडक्या उघडत नाही, म्हणून होतं. जाताना रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार." हे बरोबर आहे का?
(एक भाडेकरू, सातारा)

तुमच्या पत्रातल्या तीन गोष्टी मालकांच्या म्हणण्याच्या उलट जातात: भिंत पश्चिमेची आहे, डाग दरवर्षी तिथेच येतो आणि रंगाला फुगे धरतात. साताऱ्यात पावसाची झड पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येते. आठ-आठ दिवस झड लागली की बाहेरचा गिलावा पाणी पितो. तुळई आणि वीटकाम जिथे मिळते तिथे बहुतेक घरांत केसासारखी आडवी भेग असते, कारण काँक्रीट आणि वीट उन्हात सारखे फुगत-आकसत नाहीत. त्या भेगेतून पाणी आत येते. आतून डागाची कड पिवळट-तपकिरी दिसते, रंग फुगतो, बोटाने दाबला की पीठ पडते.

घरातल्या दमटपणाने येणारी बुरशी वेगळी दिसते. तिचे ठिपके विखुरलेले असतात. ती कोपऱ्यात, कपाटामागे, छताच्या कडेला आणि आतल्या भिंतींवरही येते, म्हणजे ज्या भिंतीला बाहेरचे पाणी लागतच नाही तिथेही. तिच्याखालचा रंग सहसा शाबूत राहतो, ओल्या फडक्याने पुसली की निघते.

तरी अंदाजावर राहू नका, एक चाचणी करा. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा साधारण एक फूट चौरस तुकडा डागाजवळ, रंग घट्ट असलेल्या जागी भिंतीवर लावा. चारही कडा रुंद चिकटपट्टीने अशा बंद करा की हवा आत जाणार नाही. तो दोन दिवस तसाच ठेवा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूवर दव धरले, तर ओल घरातल्या हवेतली आहे. खोलीकडची बाजू कोरडी आणि काढल्यावर भिंतीकडची बाजू ओली निघाली, तर पाणी भिंतीतून येते. दोन्ही बाजू ओल्या निघाल्या, तर दोन्ही कारणे आहेत. साताऱ्याच्या जुलैत तेही पुष्कळदा होते. प्रत्येक टप्प्याचा तारखेसह फोटो काढा आणि शक्यतो मालकांना बोलावून त्यांच्यासमोरच फॉइल काढा. भिंतीचे पाणी त्यांनी डोळ्यांनी पाहिले की पुढचे बोलणे सोपे जाते.

भिंतीतून पाणी येत असेल तर दुरुस्ती मालकाची, आणि ती बाहेरून करायची. आतून कितीही महाग डॅम्पप्रूफ रंग लावला तरी पाणी भिंतीत राहते आणि दुसरीकडून फुटते. काम असे व्हायला हवे: भेग व्ही आकारात १०-१२ मिमी खोल कापायची, धूळ झटकून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरायची, तुळई-विटेच्या सांध्यावर ६-८ इंच रुंद जाळी ठोकून त्यावर गिलावा करायचा. मग वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात, पहिला उभा आणि दुसरा आडवा. खिडकीच्या पाटाला बाहेरच्या बाजूला उतार हवा. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच हवी. ती नसेल तर पाणी छज्ज्याच्या पोटाखालून उलटे सरकत भिंतीवर येते. गवंडी ही खाच नेहमी विसरतात. गच्चीचा कठडाही बघा: वरच्या कोपिंगला (कठड्याच्या माथ्यावरच्या थराला) तडे असले आणि गच्ची-कठड्याच्या कोपऱ्यातला गोलावा (सांध्यावरचा गोलसर गिलावा) सुटला असला, तर पाणी तिथून उतरून खालच्या भिंतीत दिसते.

हे सगळे दिवाळीनंतर, भिंत वाळल्यावर करायचे. ओल्या भिंतीवर कोटिंग धरत नाही. आत्ता जुलैत एवढेच करता येईल: त्या भिंतीवर गच्चीवरून ताडपत्री सोडायची आणि खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटी सीलंटने बुजवायच्या.

घरातल्या दमटपणाचा वाटा मात्र तुमचा आहे, तो टाळू नका. पिळलेल्या एका बादली कपड्यांतून दीड-दोन लिटर पाणी खोलीच्या हवेत जाते. कपडे त्या बेडरूममध्ये वाळवू नका, न्हाणीघरात एक्झॉस्ट लावून तिथे वाळवा. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा. मात्र न्हाणीघराला झरोका किंवा एक्झॉस्टची जागाच नसेल, तर ती सोय करून देणे मालकाचे काम.

डिपॉझिटबद्दल: नेहमीच्या वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, बाहेरच्या पाझराने उडालेला रंग तर मुळीच नाही. पण हे सिद्ध करायला फोटो आणि लेखी तक्रार लागते. घर सोडायच्या दिवशी केलेली तोंडी तक्रार कुणी ऐकत नाही. आजच मालकांना लेखी कळवा.

प्रश्न: गावभागात जुन्या वाड्यात दोन खोल्यांत तीस वर्षे भाड्याने आहोत. भाडे महिना १,२०० रुपये. २०१९ आणि २०२१ च्या पुराचे पाणी घरात होते. तेव्हापासून भिंतींना तीन फुटांपर्यंत लोणा, पोपडे, कुबट वास. मालकांनी २०२२ मध्ये सिमेंटचा गिलावा करून ऑइलपेंट मारला, आता ओल आणखी वर चढली. ते म्हणतात, एवढ्या भाड्यात परवडत नाही.
(एक वाचक, सांगली)

आधी भिंतीचे बघू. पुराचे पाणी उतरले तरी त्यातले आणि मातीतले क्षार भिंतीत राहतात. हे क्षार हवेतली ओल ओढतात, म्हणून पूर नसलेल्या वर्षीही पावसाळ्यात भिंत ओली होते. भिंत वाळताना क्षार पृष्ठभागावर येऊन फुलतात (हाच लोणा) आणि गिलाव्याला आतून ढकलतात. तेच पोपडे. जुन्या वाड्यांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या किंवा चुन्यात बांधलेल्या असतात. त्या ओल घेतात आणि सोडतात. त्यावर सिमेंट आणि ऑइलपेंट चढवला की ओल बाहेर पडायची वाट बंद होते. मग ती जिथे वाट मिळेल तिथे, म्हणजे रंगाच्या वरच्या कडेच्या वर, निघते. तुमच्याकडे नेमके तेच झाले. मालकांनी पैसे घातले आणि नुकसान वाढले, याचे वाईट वाटते. सांगलीत पुरानंतर अनेक घरांत हीच चूक झाली आहे.

दुरुस्तीचा क्रम असा. सिमेंटचा गिलावा ओलीच्या वरच्या खुणेच्याही एक फूट वरपर्यंत काढायचा, हलक्या छिन्नीने, कारण जोर लावला तर मातीचे बांधकाम सुटते. सांधे १५-२० मिमी खोल खरवडायचे. फुललेले क्षार कोरड्या ब्रशने झाडून, गोळा करून घराबाहेर टाकायचे. भिंत धुवायची नाही, धुतली की क्षार विरघळून परत आत जातात. मग भिंत फेब्रुवारी ते मे उघडी ठेवायची. जाड भिंत सावकाश सुकते, इंचाला महिना असा ढोबळ हिशेब धरतात. सांगलीचा उन्हाळा कडक असल्याने आपल्याकडे थोडे लवकर होते, तरी एक उन्हाळा हवाच. त्यानंतर चुना आणि वाळूचा १:३ गिलावा, एका थरात १०-१२ मिमीहून जाड नाही, आठवडाभर दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा शिडकावा. वर चुन्याचे तीन हात. ऑइलपेंट, पुट्टी, प्लास्टिक पेंट काही नाही. चुन्यावर बुरशी सहज धरत नाही. हा गिलावा दोन-चार वर्षांनी परत खराब होईल. तो क्षार शोषून घेतो, त्याचे कामच ते आहे. खालचे दोन-तीन फूट काढून नवीन करायचे.

बाहेरची जमीनही बघा. चौकातली किंवा बोळातली फरशी वर्षानुवर्षे थरावर थर घालून जोत्याच्या बरोबरीला आली असेल, तर पाणी थेट भिंतीत शिरते. ती जोत्याच्या सहा इंच तरी खाली हवी आणि पन्हळीचे पाणी भिंतीपासून लांब पडायला हवे. लाकडी तुळयांची टोके जिथे भिंतीत जातात तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. सहज आत गेला तर लाकूड कुजले आहे. मग गिलावा बाजूला ठेवून आधी इंजिनिअर बोलवा.

आता कायदा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, उलट करार नसेल तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. भाडे कमी आहे म्हणून ही जबाबदारी जात नाही. लेखी नोटीस पोचल्यापासून १५ दिवसांत मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. दुरुस्तीचा हिशेब आणि पावत्या हाच खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणून गवंडी, चुना, वाळू, मजुरी, सगळ्याच्या पावत्या तुमच्या नावाने घ्या.

पण मर्यादा लक्षात घ्या. एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षीच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा जास्त नको. तुमचे वर्षाचे भाडे १४,४०० रुपये, म्हणजे वर्षाला ३,६०० रुपये. काम १८,००० रुपयांचे झाले तर ते फिटायला पाच वर्षे लागतील. जुन्या भाड्याच्या घरांत या कलमाचा उपयोग पैशापेक्षा मालकाला बोलायला बसवण्यासाठीच जास्त होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. नोटीस द्या आणि बसून लेखी ठरवा: साहित्य मालकाचे, मजुरी तुमची आणि ती महिना अमुक रुपयांप्रमाणे भाड्यातून वळती. जुनी भाडेचिठ्ठी असेल तर आधी वाचा, तिच्यात दुरुस्ती तुमच्यावर टाकली असेल तर हे कलम उपयोगी पडणार नाही.

भाडे पूर्ण बंद करायची चूक मात्र करू नका. थकबाकीची नोटीस आली की कलम १५ प्रमाणे ९० दिवसांनंतर मालकाला ताब्याच्या दाव्याची, म्हणजे घर खाली करून मागायची, वाट मोकळी होते, आणि ओलीचा मुद्दा बाजूला पडून तुम्हीच थकबाकीदार ठरता. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

प्रश्न: विश्रामबागेतला माझा फ्लॅट ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर दिला आहे. छताला ओल येऊन बुरशी आली, पाणी वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येतं. राहणारे म्हणतात, कलम १४ लावून भाडं कापतो. सोसायटी म्हणते, आमचा संबंध नाही.
(एक फ्लॅटमालक, सांगली)

कलम १४ मधला हक्क 'भाडेकरू'चा आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला जागा वापरायची फक्त परवानगी असते, तो कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, त्यामुळे त्याला स्वतःहून भाडे कापायचा हा हक्क सरळ मिळत नाही. तिथे करारात लिहिले असेल ते चालते. पण म्हणून तुम्ही मोकळे नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ च्या कलम ५७ प्रमाणे, जागेत धोक्याचा दोष असेल, तो तुम्हाला माहीत असेल आणि राहणाऱ्याला माहीत नसेल, तर तो सांगणे तुमच्यावर बंधनकारक आहे. आणि सरळ व्यवहाराचे सांगायचे तर, एक खोली वापरता येत नसताना पूर्ण भाडे मागणे चांगले नाही. दुरुस्ती होईपर्यंत भाड्यात किती सूट, हे दोघांच्या सहीने लिहून ठेवा.

सगळ्यात आधी छताच्या दिव्याचा डबा बघा. ओल तिथे पोचली असेल तर त्या खोलीचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) आजच बंद करा.

मग पाणी कुठले ते ठरवा. रात्रंदिवस सारखे ठिबकत असेल तर पाण्याची दाबाची पाइप फुटली आहे. वरच्यांच्या अंघोळीनंतरच वाढत असेल तर न्हाणी ट्रॅपचा (फरशीतल्या सांडपाण्याच्या तोंडाखालच्या भांड्याचा) सांधा किंवा फरशीतल्या फटी. फक्त पावसात असेल तर बाहेरची भिंत किंवा डक्टमधली (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतली) सामाईक पाइप. खात्रीसाठी वरच्यांना विनंती करून न्हाणीचे तोंड बंद करा, फरशीवर इंचभर रंगीत पाणी २४ तास साठवा आणि खाली रंग उतरतो का ते बघा. पाणी टाकण्याआधी आणि नंतर छताचा फोटो घ्या.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) पावसाची गळती, सामाईक पाइप आणि ड्रेनेजची गळती यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते. फ्लॅटच्या आतल्या बाथरूम-संडासाची गळती त्या सभासदाने दुरुस्त करायची असते. म्हणून 'आमचा संबंध नाही' हे चाचणी झाल्याशिवाय सोसायटीला म्हणता येत नाही. पत्र तुम्हीच द्या, कारण तुमच्या फ्लॅटमध्ये राहणारे सोसायटीचे सभासद नाहीत आणि त्यांच्या पत्राला सेक्रेटरी दाद देणार नाही. पत्राची एक प्रत वरच्या फ्लॅटमालकाला द्या आणि दोन्हींवर पोच घ्या.

प्रश्न: गोडोलीत कॉट बेसिसवर (खोलीतला एक पलंग भाड्याने घेऊन) राहतो. पलंगामागे भिंतीवर बुरशी आहे, दोन-तीन फूट चौरस. ब्लीच मारून साफ करू का?
(एक विद्यार्थी, सातारा)

दहा चौरस फुटांच्या आतली बुरशी स्वतः साफ करता येते, त्याहून मोठी असेल तर मालकाकडून करून घ्या. दमा किंवा ॲलर्जी असेल तर स्वतः हात लावू नका.

एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, चष्मा घाला. खिडकी उघडी ठेवा, खोलीचे दार बंद, पंखा बंद. कोरडी घासू नका, बिजाणू खोलीभर उडतात. आधी धुण्याच्या पावडरच्या पाण्याने भिजवून पुसा, फडके लगेच पिशवीत टाका. खरे काम इथेच होते. ब्लीच वापरायचेच असेल तर बाजारातले द्रवरूप ब्लीच एका लिटर पाण्यात साठ मिली, त्याहून कडक नको. लावा, पुसा, साध्या पाण्याने परत पुसा, कोरडे करा. गिलाव्याच्या आत गेलेल्या बुरशीपर्यंत ब्लीच पोचत नाही, डाग फक्त पांढरा पडतो.

एक गोष्ट जिवाची आहे: ब्लीचमध्ये संडास साफ करायचे ॲसिड, व्हिनेगर किंवा अमोनियाचे क्लीनर कधीही मिसळू नका. विषारी वायू निघतो, आणि छोट्या खोलीत तो क्षणात छातीत भरतो.

कापसाच्या गादीत बुरशी गेली असेल तर ती टाकून द्या. ऊन दाखवून वास जातो, बुरशी जात नाही.

प्रश्न: दिवाळीनंतर सांगलीत भाड्याने घर घ्यायचं आहे. करारात आणि घर बघताना काय काळजी घ्यावी?
(एक वाचक, सातारा)

करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. एजंटच्या छापील नमुन्यात बहुधा एवढेच असते की 'किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करावी'. किरकोळ म्हणजे काय यावरच पुढे वाद होतो. त्याखाली हे कलम घालून घ्या:

'गच्ची, बाहेरच्या भिंती, छत, बुजवलेल्या पाइप व ड्रेनेज यांतून येणारी ओल व त्यामुळे आलेली बुरशी यांची दुरुस्ती, राहणाऱ्याने लेखी कळवल्यापासून १५ दिवसांत, मालकाने सुरू करावी. न केल्यास राहणाऱ्याने पावत्यांसह केलेला खर्च भाड्यातून वळता करावा. नळाचे वॉशर, बल्ब, जाळ्या व घरातील वापराने आलेल्या दमटपणाची साफसफाई राहणाऱ्याकडे राहील. ताबा देतेवेळच्या भिंतींचे फोटो या करारास जोडले आहेत.'

पावसात बाहेरून काम करता येत नाही, म्हणून 'पूर्ण करावी' असे न लिहिता 'सुरू करावी' लिहिले आहे. जुलैत ताडपत्री टाकणे ही सुरुवात झाली. मालकही अशा कलमाला सहसा नाही म्हणत नाहीत.

घर बघायला दिवसाउजेडी जा, तरी टॉर्च न्या. टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरा. समोरून सपाट दिसणाऱ्या भिंतीवर फुगे, पोपडे, पुट्टीचे ठिगळ लगेच सावल्या टाकतात. खालच्या तीन फुटांचाच रंग ताजा असेल तर का ते विचारा. बंद भिंत-कपाट उघडून पहिल्याच क्षणी नाक आत घाला, मागची प्लायवूड हाताने दाबा. मऊ लागली तर मागे ओल आहे.

आणि सांगलीत घर घेताय, तर २०१९ चे पाणी कुठवर आले होते हे मालकाला विचारू नका, शेजाऱ्याला विचारा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. गावभाग, दत्तनगर, काकानगर या बाजूला अनेक भिंतींवर त्या पाण्याची रेघ अजून दिसते. शेजाऱ्याच्या भिंतीवर ती छातीपर्यंत आली असेल, तर तुम्ही बघताय त्या घराच्या भिंतीही तिथवर भिजल्या होत्या, आज वर कुठलाही रंग असो.